एका अंदाजावर पंधरा वर्षे : गोलरक्षक आणि दीर्घ मुदतीचे करार

व्यावसायिक खेळातला करार हा मुळात भविष्याविषयीचा अंदाज असतो. पैसे आज ठरतात आणि खेळ उद्या, पुढच्या वर्षी किंवा दहा वर्षांनी व्हायचा असतो. मुदत जितकी लांब, तितका हा अंदाज कच्चा. ज्या खेळाडूचा खेळ अजून पुरेसा पाहिलेलाच नाही, त्याच्या बाबतीत तर तो आणखी कच्चा. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीत गोलरक्षकांशी झालेल्या काही करारांत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांचे परिणाम पुढे वीस-वीस वर्षे रेंगाळले.

आइस हॉकी बर्फाच्या मैदानावर, पायांत स्केट घालून, प्रत्येक बाजूने सहा खेळाडू खेळतात. सहांपैकी एक गोलरक्षक. त्याच्या मागची जाळी सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असते. तिच्याकडे येणारी कडक रबराची चकती, म्हणजे पक, ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे वेग गाठते. बाकीचे पाच जण दर पाऊण-एक मिनिटाने बदलतात, गोलरक्षक मात्र पूर्ण साठ मिनिटे तिथेच उभा असतो. त्यामुळे संघाच्या हारजितीवर एका माणसाचा इतका प्रभाव पडणारी दुसरी जागा या खेळात नाही. चांगला गोलरक्षक हाती लागला की त्याला बांधून ठेवण्याचा मोह होतो तो यामुळेच.

१२ सप्टेंबर २००६ रोजी न्यूयॉर्क आयलँडर्स या संघाने रिक डीपिएट्रो या गोलरक्षकाशी १५ वर्षांचा करार केला. एकूण रक्कम ६ कोटी ७५ लाख डॉलर, म्हणजे वर्षाला ४५ लाख. डीपिएट्रोला पंचवीस वर्षे पुरी व्हायला एक आठवडा उरला होता. नॅशनल हॉकी लीगमध्ये तोवर त्याचे १४३ सामने झाले होते आणि त्यांतले ११३ त्याआधीच्या केवळ दोन हंगामांतले होते. म्हणजे मुख्य गोलरक्षक म्हणून संघाने त्याला दोनच हंगाम पाहिले होते आणि त्या बळावर पुढच्या पंधरा हंगामांचा शब्द दिला.

करारानंतरची दोन वर्षे बरी गेली. पहिल्या हंगामात तो ६२ सामने खेळला, दुसऱ्यात ६३. त्यानंतर मांडीच्या खुब्याचा सांधा आणि गुडघा यांची दुखणी सुरू झाली, शस्त्रक्रिया झाल्या आणि पुढच्या पाच हंगामांत मिळून तो ५० सामने खेळू शकला. त्यांपैकी एका हंगामात पाच, शेवटच्या हंगामात तीन. २०१३ च्या उन्हाळ्यात संघाने करार मोडला. तेव्हा आठ वर्षे आणि ३ कोटी ६० लाख डॉलर शिल्लक होते. लीगच्या नियमाप्रमाणे करार मोडताना उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग, उरलेल्या मुदतीच्या दुप्पट काळात द्यावा लागतो. हिशेब सरळ आहे : २ कोटी ४० लाख डॉलर, १६ वर्षे, दरवर्षी १५ लाख. हे हप्ते २०२९ पर्यंत चालतात.

हे सारे दुखापतीमुळे घडले, दुखापत कोणाच्या हातात नसते, तेव्हा संघाला दोष का द्यावा, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर गोलरक्षणाच्या कामातच आहे. आजचे बहुतेक सगळे गोलरक्षक दोन्ही गुडघे एकत्र आणून बर्फावर बसतात आणि पोटऱ्या दोन बाजूंना फाकवतात. त्यामुळे जाळीचा खालचा भाग बंद होतो. फुलपाखराच्या पंखांसारखी दिसणारी ही बैठक सामन्यात आणि सरावात मिळून दिवसाला शेकडो वेळा घ्यावी लागते. दर वेळी मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीत आतल्या बाजूला वळते आणि खोबणीच्या कडेची कूर्चा घासली जाते. खुब्याचे दुखणे हे या कामाचे अंगचे दुखणे आहे. पंधरा वर्षांच्या करारात ते येणार नाही असे धरून चालणे हा हिशेबातला दोष होता, आणि तो खेळाडूचा नव्हता.

शरीर बाजूला ठेवले तरी कौशल्याचा अंदाज बांधणे याहून अवघड आहे. गोलरक्षकाचे मोजमाप मुख्यतः बचावाच्या टक्केवारीने होते : जाळीवर आलेल्या शंभर फटक्यांपैकी किती अडवले. या लीगमध्ये बरा गोलरक्षक नव्वद ते एक्क्याण्णव अडवतो, उत्तम गोलरक्षक ब्याण्णवच्या आसपास. सारा फरक शंभरात एक-दोन फटक्यांचा आहे. एखादा गोलरक्षक हंगामात पन्नास सामने खेळला आणि सामन्याला तीस फटके धरले, तर त्याच्यासमोर १,५०० फटके येतात. शंभरात एकाचा फरक म्हणजे हंगामात पंधरा गोलांचा फरक. आता संभाव्यतेचे साधे गणित लावले तर असे दिसते की, खेळाडूच्या कौशल्यात काडीचाही बदल न होता, निव्वळ योगायोगाने हा आकडा दहा-अकरा गोलांनी इकडे किंवा तिकडे सहज सरकतो, कधी वीसनेही. कोणाच्या तरी स्केटला लागून पकची दिशा बदलते, समोरचा बचावपटू नजर अडवतो, खांबाला लागलेला फटका आत जातो किंवा बाहेर येतो. म्हणजे एका हंगामाचा आकडा पाहून साधारण आणि उत्तम गोलरक्षक वेगळे काढताच येत नाहीत. दोन हंगामांनी चित्र थोडे स्पष्ट होते, पण पंधरा वर्षांची किंमत लावण्याइतके नाही.

सांगोल्याचा डाळिंबाचा व्यापारी बाग घेतो ती झाडावरचा बहार डोळ्यांनी पाहून आणि त्या एका बहारापुरती. एकदाच फळलेल्या रोपाचे पुढचे पंधरा बहार आज कोणी विकत घेत नाही, कारण मध्ये तेल्या रोग आहे, अवकाळी आहे आणि झाडाचे स्वतःचे वय आहे. आयलँडर्सचा सौदा या दुसऱ्या प्रकारचा होता.

गोलरक्षक उशिरा पिकतो, ही आणखी एक अडचण. लीगचे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवोदित खेळाडू निवडतात; डीपिएट्रोची निवड २००० सालच्या अशा निवडीत सर्वांत आधी, पहिल्या क्रमांकावर झाली होती. त्याला जागा करून देण्यासाठी आयलँडर्सनी त्याच वेळी रॉबर्टो लुआँगो हा तरुण गोलरक्षक फ्लोरिडाच्या संघाला देऊन टाकला. हा लुआँगो पुढे लीगच्या इतिहासातील मोठ्या गोलरक्षकांत गणला गेला. त्याच निवडीत, न्यूयॉर्कच्याच रेंजर्स संघाने २०५ व्या क्रमांकावर हेन्रिक लुंडक्विस्ट हा स्वीडनचा मुलगा घेतला. लीगमधल्या प्रत्येक संघाने त्याला अनेकदा डावलले होते. लुंडक्विस्टने रेंजर्ससाठी ४५९ सामने जिंकले. टिम थॉमस १९९४ मध्ये २१७ वा निवडला गेला, अनेक वर्षे युरोपात आणि दुय्यम लीगमध्ये खेळला, तिशी ओलांडल्यावर बॉस्टनचा मुख्य गोलरक्षक झाला आणि २०११ मध्ये त्याने संघाला स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, मिळवून दिले. उलट बाजूचे उदाहरणही नोंदवले पाहिजे. २००३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला मार्क-आंद्रे फ्लरी दीर्घकाळ उत्तम खेळला. म्हणजे तज्ज्ञांचा अंदाज दर वेळी चुकतो असे नाही. विशी-पंचविशीत तो बरोबर आहे की चूक हे सांगता येत नाही, आणि दीर्घ करारात नेमके तेच सांगितल्याचे गृहीत धरलेले असते.

इतके असूनही अनुभवी व्यवस्थापक असे करार का करतात? याचे मुख्य कारण लीगची वेतनमर्यादा. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक-खेळाडू वादात वाया गेल्यावर लीगने प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर वरची मर्यादा घातली. २००६-०७ मध्ये ती ४ कोटी ४० लाख डॉलर होती. या मर्यादेत खेळाडूचा भार मोजताना कराराची एकूण रक्कम भागिले वर्षे, अशी सरासरी धरली जाई. साहजिकच मुदत लांबवली की वार्षिक भार हलका दिसे. डीपिएट्रोचे ४५ लाख तेव्हाच्या मर्यादेच्या सुमारे दहा टक्के होते. मर्यादा दरवर्षी वाढत जाणार, म्हणून हा हिस्सा आपोआप लहान होत जाईल, हा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. त्यात फक्त खेळाडू खेळत राहील हे एक गृहीत होते. दुसरे कारण कारभाराचे. आयलँडर्सचे मालक चार्ल्स वाँग यांना दीर्घ करारांवर विश्वास होता. २००१ मध्ये त्यांच्याच काळात अलेक्सेई याशिन या खेळाडूशी दहा वर्षांचा, ८ कोटी ७५ लाख डॉलरचा करार झाला होता, आणि तोही २००७ मध्ये मोडावा लागला. डीपिएट्रोच्या कराराच्या वेळी व्यवस्थापक गार्थ स्नो यांना पदावर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्याआधी ते याच संघाचे राखीव गोलरक्षक होते. पंधरा वर्षांचा निर्णय घेणाऱ्या माणसाला त्या निर्णयाच्या शेवटापर्यंत पदावर राहण्याची शाश्वती नसते. फायदा आज दिसतो आणि भार पुढच्या व्यवस्थापकावर पडतो. दीर्घ करारांचा हा सर्वांत गंभीर दोष आहे, आणि तो खेळापुरता मर्यादित नाही.

फिलाडेल्फिया फ्लायर्सचे प्रकरण वेगळ्या प्रकारचे आहे. तिथे खेळाडू नवखा नव्हता. जून २०११ मध्ये संघाने इल्या ब्रिझगालोव्हशी नऊ वर्षांचा, ५ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. तो एकतिशीला टेकलेला, मागच्या संघात चांगला खेळलेला गोलरक्षक होता. वेतनमर्यादेत त्याला बसवण्याच्या धडपडीत संघाने आपले दोन आघाडीचे खेळाडू दुसरीकडे दिले. मग वर्षभरात, एकाला इतके पैसे देतो तर दुसऱ्या तरुण गोलरक्षकाची गरज काय, असे म्हणून सर्गेई बोब्रोव्स्कीला कोलंबसच्या संघाला देऊन टाकले. २०१३ मध्ये बोब्रोव्स्की लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला आणि त्याच उन्हाळ्यात फ्लायर्सनी ब्रिझगालोव्हचा करार मोडला. नऊपैकी दोनच वर्षे झाली होती. दीर्घ कराराचा खर्च फक्त पैशांत मोजला तर हे नुकसान दिसतच नाही. बांधून ठेवलेल्या माणसामुळे हातचा दुसरा माणूस सोडावा लागतो, आणि हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात लिहिले जात नाही.

पुढे बोब्रोव्स्कीनेच या विषयाला दुसरी बाजू दिली. २०१९ मध्ये फ्लोरिडा पँथर्सनी त्याच्याशी सात वर्षांचा, ७ कोटी डॉलरचा करार केला. तेव्हा तो तिशीचा होता. पहिली वर्षे निराशाजनक गेली आणि हा करार लीगमधल्या सर्वांत वाईट करारांत मोजला जाऊ लागला. मग २०२४ आणि २०२५ मध्ये, लागोपाठ दोन वेळा, त्याच्या गोलरक्षणावर फ्लोरिडाने स्टॅन्ली चषक जिंकला. दीर्घ करार नेहमी फसतोच, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही. काढता येतो तो इतकाच की करार करताना तो फसेल की तारेल हे कोणालाही ठाऊक नव्हते, टीकाकारांनाही नाही.

लीगने अखेर नियम बदलले. २०१० मध्ये न्यू जर्सीच्या संघाने इल्या कोव्हालचुक या आक्रमकाशी १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्यात शेवटच्या वर्षांचे वेतन अगदी नाममात्र ठेवले होते, म्हणजे ती वर्षे सरासरी खाली आणण्यासाठीच जोडलेली होती. लीगने तो फेटाळला. २०१३ च्या नव्या करारनाम्यात मुदतीला कमाल मर्यादा आली : स्वतःच्या खेळाडूशी आठ वर्षे, बाहेरून आलेल्याशी सात. जुन्या चुकांतून सुटण्यासाठी प्रत्येक संघाला दोन करार वेतनमर्यादेवर भार न पडता मोडण्याची सवलत मिळाली, आणि डीपिएट्रो व ब्रिझगालोव्ह दोघांचेही करार याच सवलतीत मोडले गेले. पैसे द्यावेच लागले, जागा मात्र मोकळी झाली. फ्लोरिडाहून पुढे व्हँकूव्हरला गेलेल्या लुआँगोशी त्या संघाने २००९ मध्ये केलेल्या बारा वर्षांच्या कराराला ही सवलत लावली गेली नाही. तो २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा, कित्येक वर्षे आधीच दुसऱ्या संघात गेलेला असूनही, व्हँकूव्हरच्या वेतनमर्यादेतून तीन हंगाम दरवर्षी सुमारे ३० लाख डॉलर कापले गेले. २०२६-२७ पासून लागू होणाऱ्या करारनाम्यात कमाल मुदत आणखी खाली, सात आणि सहा वर्षांवर आली आहे.

लहान मुदतीनेही चूक टळत नाही, चुकीची किंमत आटोक्यात राहते. २०१५ मध्ये ओटावाच्या संघात अँड्र्यू हॅमंड हा अनोळखी गोलरक्षक अचानक आला आणि हंगामाच्या उत्तरार्धात २० सामने जिंकून, नियमित वेळेत एकच हरून त्याने संघाला बाद फेरीत नेले. शहर वेडे झाले होते. संघाने त्याच्याशी करार केला तो तीन वर्षांचा, वर्षाला साडेतेरा लाख डॉलरचा. पुढे तो जादूचा हंगाम परत आला नाही. पण तीन वर्षांनी हिशेब मिटला, आणि हॅमंडलाही त्याच्या कामगिरीचा योग्य मोबदला मिळाला होता.

करार मोठा की लहान, या प्रश्नाखाली एक साधी गोष्ट आहे. खेळाडूचे भवितव्य अनिश्चित असते आणि कोणताही कागद ही अनिश्चितता नाहीशी करत नाही. ती कोणाच्या डोक्यावर ठेवायची एवढेच कागद ठरवतो. पंधरा वर्षांच्या करारात ती सगळी संघाच्या डोक्यावर गेली. डीपिएट्रोचे सांधे गेले, पण त्याचे घर बुडाले नाही, आणि हेही त्या कराराचेच फळ होते. भारतात, महाराष्ट्रात आणि सोलापूरच्या परिसरात नेमके उलटे चित्र आहे. इथे अनिश्चितता जवळजवळ पूर्णपणे खेळाडूच्या डोक्यावर आहे.

मैदानी हॉकीपासून पाहता येईल. मैदानी हॉकीची जाळी ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, आइस हॉकीच्या दुप्पट रुंद. गोलरक्षकाकडे येणारे फटके मात्र बरेच कमी, त्यामुळे त्याचे मोजमाप आणखी कठीण. पी. आर. श्रीजेश २००६ मध्ये भारताच्या वरिष्ठ संघात आला, पण पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून स्थिरावायला त्याला जवळपास पाच वर्षे लागली. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने कांस्यपदक जिंकले तेव्हा तो तेहतीस आणि छत्तीस वर्षांचा होता. २००६ ते २०११ या काळात त्याची किंमत लावायला कोणाला सांगितले असते, तर ती फार कमी लागली असती. २०१७ मध्ये श्रीजेशचा गुडघा दुखावला तेव्हा ढाक्यातल्या आशिया चषकात महाराष्ट्रातलेच दोन गोलरक्षक संघात होते, यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. अंतिम सामन्यात मलेशियाला २-१ असे हरवून भारताने तो चषक जिंकला.

अशा गोलरक्षकांना व्यावसायिक करार देणाऱ्या संघांचे आयुष्य किती होते? प्रीमियर हॉकी लीग २००५ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये थांबली, तिच्याबरोबर मराठा वॉरियर्स गेले. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली, तिच्यात पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स होते. पुण्याने अंतिम फेरी गाठली, पण लीगचा दुसरा हंगाम झालाच नाही. २०१३ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्स आले, दोन हंगामांत संपले, त्यांच्या जागी दबंग मुंबई आले आणि २०१७ नंतर लीगच बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. या वर्षांत जो मुलगा अठराचा होऊन पंचविशीला पोहोचला, त्याच्यासाठी करार लहान की मोठा हा प्रश्नच उरला नव्हता. सही करायला समोर कोणी नव्हते. अमेरिकेत संघ टिकतो आणि खेळाडू टिकेल का ही चिंता असते. महाराष्ट्राच्या हॉकीत गेल्या वीस वर्षांत खेळाडू टिकले आणि संघ टिकले नाहीत. २०२४ च्या लिलावात कर्णधार हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली, तर आयर्लंडचा अनुभवी गोलरक्षक डेव्हिड हार्ट ३२ लाखांना गेला. तिशी केव्हाच ओलांडलेल्या गोलरक्षकाला पैसे मोजणे यात शहाणपण आहे. तो काय करू शकतो ते माहीत असते.

सोलापूरच्या मुलांशी करार होतात ते प्रामुख्याने क्रिकेटमध्ये. इंडियन प्रीमियर लीगचा करार मुळात एका हंगामाचा असतो, पुढे वाढवायचा की नाही हे संघ ठरवतो, आणि काही वर्षांनी मोठा लिलाव आला की बहुतेक सगळे पुन्हा बाजारात उतरतात. सोलापूरहून तासाभराच्या अंतरावरचा तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर हे याचे बोलके उदाहरण आहे. १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या २०२२ च्या संघातला तो वेगवान गोलंदाज. ३० लाखांच्या मूळ किमतीवरून बोली चढत गेली आणि चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटीला घेतले. ३१ मार्च २०२३ रोजी, पदार्पणाच्या सामन्यात, त्याने गुजरातविरुद्ध ३६ धावांत तीन बळी घेतले. चेन्नईकडून तीन वर्षांत त्याला मिळाले ते दोनच सामने. २०२४ च्या अखेरीस झालेल्या लिलावात लखनौने त्याला ३० लाखांना घेतले. दीड कोटीवरून ३० लाख, आणि मधल्या काळात त्याला मैदानावर आपली किंमत दाखवायची संधी जवळजवळ मिळालीच नव्हती. अशा तरुणाच्या घरी पहिल्या वर्षी आलेला पैसा कायमचा समजून खर्च ठरवले गेले, तर घसरणीचा धक्का कुटुंबाला बसतो. लिलावाच्या बातम्या ही बाब कधी सांगत नाहीत.

सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून ५४ चेंडूंत ११७ धावा काढून, तेरा षटकार मारून प्रकाशात आला. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये लखनौने त्याला २० लाखांना घेतले, आणि पुढच्या मोठ्या लिलावात पुन्हा ३० लाखांना. अठरा वर्षांच्या मुलावर एका खेळीमुळे कोणी पंधरा वर्षांचे पैसे लावले नाहीत हे त्याच्याही हिताचे झाले, असे म्हणता येईल. मोठ्या आकड्याचे ओझे नसलेल्या खेळाडूला शिकायला वेळ मिळतो. २०२५ पासून प्रत्येक सामन्यामागे साडेसात लाख रुपये मानधन मिळू लागले आहे. ३० लाखांच्या खेळाडूला चार सामने खेळायला मिळाले की वर्षभराच्या कराराइतकी रक्कम वेगळी जमा होते. बाकावर बसलेल्या आणि मैदानात उतरलेल्या खेळाडूतला फरक यामुळे न्याय्य झाला, आणि हा बदल अनेक वर्षे आधीच व्हायला हवा होता.

माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे याहून वेगळी. तिचे नाव झाले ते २०२२ मध्ये, नागालँडकडून खेळताना वीस षटकांच्या सामन्यात १६२ धावा काढल्यावर. महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात यूपी वॉरियर्सने तिला ३० लाखांना घेतले तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. ५ मार्च २०२३ रोजी पहिल्याच सामन्यात तिने अर्धशतक केले, आणि दूरचित्रवाणीवर सगळ्यांना दिसले की तिच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. पांढऱ्या लाकडावर हाताने लिहिलेली धोनीची आद्याक्षरे आणि सात हा आकडा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्राकडून ३४ चेंडूंत शतक काढले. विशी-बाविशीत हिच्याशी कोणी करार केला असता का? सगळे लक्ष किशोरवयीन मुलांवर लावणाऱ्या निवडपद्धतीत असे खेळाडू निसटतात, आणि दीर्घ करारात गुंतलेला पैसा त्यांच्यासाठी उरतच नाही.

तरीही भारतीय खेळात एक खरोखरीचा दीर्घ करार पूर्वापार आहे. तो म्हणजे नोकरी. रेल्वे, सेनादले, पोलीस, तेल कंपन्या, बँका आणि पूर्वी विमान कंपन्याही विशीतल्या खेळाडूला काही प्रमाणपत्रांच्या आणि निवड चाचणीच्या आधारावर घेतात आणि तो निवृत्तीच्या वयापर्यंत तिथे राहतो. खडकीच्या धनराज पिल्ले यांनी आधी महिंद्र आणि मग विमान कंपनीच्या संघातून हॉकी खेळली. मध्य रेल्वेचा विभाग असलेल्या सोलापुरात क्रीडा कोट्यातली नोकरी म्हणजे काय हे घराघरांत माहीत आहे. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मुदत पाहिली तर हे करार पस्तीस-चाळीस वर्षांचे, डीपिएट्रोच्या कराराच्या दुपटीहून लांब, आणि तेही बव्हंशी नवख्या खेळाडूंशी. मग इथे संस्था का बुडत नाहीत? पगार खेळाचा नसून पदाचा असतो. गुडघा गेला की खेळाडू टेबलावर बसतो, तिकीट तपासतो, बंदोबस्ताला उभा राहतो, आणि संस्थेला पगाराच्या बदल्यात त्याचे काम मिळतच राहते.

या व्यवस्थेतही धोके आहेत. पहिला, प्रमाणपत्राचाच. नोकरी आयुष्यभराची आणि आधार एका स्पर्धेचा कागद, अशी रचना असली की कागद मिळवण्याचा बाजार उभा राहतो. महाराष्ट्रात विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी सक्तीची करावी लागली ती यामुळे, आणि ती काटेकोर राहिली तरच खऱ्या खेळाडूची जागा वाचते. दुसरा, नोकरी लागल्यावर खेळ सुटण्याचा. तिसऱ्याची चर्चा होत नाही : चोविसाव्या वर्षी ज्याचा खेळ फुलतो त्याला तोवर कोट्यातून डावललेले असते, आणि गोलरक्षक बहुधा याच गटात मोडतात.

करार कसा असावा, याची उत्तरे या अनुभवांतून निघतात. नवख्या गोलरक्षकाशी पहिला करार दोन ते तीन वर्षांचा असावा आणि पुढच्या दोन वर्षांचा पर्याय खेळलेल्या सामन्यांच्या संख्येशी जोडावा. बचावाच्या टक्केवारीशी तो जोडू नये, कारण एका हंगामाची टक्केवारी काही सांगत नाही. सामन्यांची संख्या प्रशिक्षकाच्या हातात असते हे खरे, म्हणून पर्याय फक्त संघाचा न ठेवता दोघांचा ठेवावा. रकमेचा काही भाग दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीवर, विशेषतः खुबा आणि गुडघ्याच्या तपासणीवर अवलंबून ठेवणे संघाला योग्य वाटेल. त्याच्या बदल्यात सामन्यात किंवा सरावात झालेल्या दुखापतीचा उपचार आणि पुनर्वसन, करार संपल्यानंतरही, संघाने किंवा विम्याने करावे. लीग बंद पडली तर उरलेल्या हंगामाचे पैसे कोण देईल हे कागदावर असावे. मुंबई आणि पुण्याच्या संघांचा इतिहास पाहता महाराष्ट्रातल्या खेळाडूसाठी हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे.

सही करणारा मुलगा बहुधा अठरा-वीस वर्षांचा असतो आणि समोरचा मसुदा इंग्रजीत, तीस-चाळीस पानांचा असतो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा संघटनेत असा मसुदा मराठीत समजावून सांगणारा एखादा वकील ठरावीक दिवशी उपलब्ध झाला, तर मुदत, पर्याय, दुखापत आणि मुक्तता ही चार कलमे आईवडिलांसमक्ष वाचली जातील आणि सही त्यानंतर होईल. यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि होणारा खर्चही एका हंगामाच्या किमान बोलीच्या कितीतरी आत बसतो.